जुनी एमएक्स-५ रस्त्यासाठी आणि हौशी ट्रॅकसाठी: आधी काय, मग काय?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५ आहे. १९९१ची, १.६ लिटर इंजिनाची, कापडी टपाची. एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही. एरवी रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस), अशी दोन्हीकडे ती चालवायची आहे. ट्रेलर नाही. गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रॅकवर जाणार, दिवसभर पळणार आणि त्याच चाकांवर घरी येणार. ही एक अट घातली की निम्मे वाद आपोआप मिटतात, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि ही पिढी १९९७पर्यंत बनत होती. १.६ लिटरवालीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) एका लांब अॅल्युमिनियमच्या चौकटीने एकमेकांना जखडलेले, त्यामुळे पाय दाबला की मागची चाकं ताबडतोब ऐकतात. हा गुण मला कुठल्याही बदलात घालवायचा नाही.

माझं म्हणणं असं: तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीला आधी मूळ अवस्थेत आणायचं, मग उष्णतेचा बंदोबस्त करायचा, मग टायर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग सस्पेन्शन. ताकद सगळ्यात शेवटी, आणि लागलीच तर. ट्रॅकवर जुनी गाडी हरते ती बहुतेक वेळा उष्णतेपुढे. ब्रेक तापतात, पाणी तापतं, ऑइल पातळ होतं. इंजिनाची ताकद वाढवली की या तिन्ही ठिकाणी भर पडते आणि गाडी आहे त्याहून लवकर पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेची थांबायची जागा) येऊन उभी राहते.

एक साधा हिशोब मांडतो. माणसासकट १०५० किलोची गाडी ताशी १५० वरून ७० वर आणली तर ब्रेकमध्ये सुमारे ७०० किलोज्यूल उष्णता जाते. साधं गार पाणी दोन लिटर उकळीला आणायला साधारण एवढीच लागते. आणि ही झाली एका वळणाची गोष्ट. पुढचं वळण येईपर्यंत डिस्क पुरती निवतही नाही.

क्रम चुकतोय असं वाटलं तर स्पष्ट सांगा.


बारा_नंबर_पाना

क्रम बरोबर आहे. "मूळ अवस्थेत आणायचं" याचा अर्थ मात्र नीट सांगायला हवा, कारण लोक प्लग आणि फिल्टर बदलून झालं म्हणतात.

या गाडीत पहिली बघायची गोष्ट म्हणजे क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुढची पुली. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं नाक आखूड होतं. तिथला बोल्ट कधी नीट आवळला गेला नसेल तर चावीची (पुलीकडच्या चाकाला क्रँकशी जखडणाऱ्या छोट्या लोखंडी पट्टीची) खाच घासत जाते, टायमिंग सरकतं आणि शेवटी क्रँकच निकामी होतो. तुमची गाडी १९९१ची, म्हणजे दोन्हीपैकी कुठलंही इंजिन असू शकतं. बोनेट उघडा, टॉर्च मारा आणि पुलीच्या चेहऱ्यावरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब. चार असल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. टायमिंग बेल्ट बदलताना खाच, चावी आणि बोल्ट डोळ्यांनी तपासायचे, बोल्ट नवा घालायचा, आणि टॉर्क रेंचशिवाय त्याला हात लावायचा नाही.

बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. पण शेवटचा कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. पाण्याचा पंप, पुढची ऑइल सील, सगळं त्याच वेळी उरकून टाका. पुन्हा तेवढी उस्तवार कोण करणार!

आणि गंज. टपाचं पाणी सीटच्या मागून दोन बाजूंच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून सडतो. वरून रंग चकचकीत दिसतो. तिथे बोटाने दाबून बघा. पत्रा करकरला तर सस्पेन्शनसाठी ठेवलेले पैसे आधी पत्र्यात जाऊ द्या. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान) ज्या पत्र्याला बसणार तो सडका असेल तर त्या बारला काही अर्थ नाही.


चौथा_गिअर

खाचा आठ आहेत, आताच बघून आलो. पत्रा दोन्ही बाजूंनी टणक लागतोय. नळ्यांतून पाणी सोडून बघितलं, डावीकडचं हळू उतरतंय, ती साफ करतो.

बुशचं (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांचं) विचारायचं होतं. अलाइनमेंटसाठी मागच्या खालच्या आर्मचा कॅमवाला (फिरवला की चाकाचा कोन बदलणारा) बोल्ट फिरवायला गेलो. पाना लावला की बोल्ट फिरतोय असं वाटतं. पण नीट बघितलं तर आतली लोखंडी नळी बोल्टला गंजून चिकटली आहे आणि रबर तिच्यासकट पिळवटतंय. पाना सोडला की सगळं जागच्या जागी परत. यावर उपाय काय?


बारा_नंबर_पाना

या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. आठवडाभर रोज थोडं गंज सोडवणारं तेल मारा, मग उष्णता देऊन बघा. तरी सुटलं नाही तर बोल्ट दोन्हीकडून कापायचा आणि बुश नवे टाकायचे. रबर तसंही एवढं जुनं आहे की ते वाचवण्यात हशील नाही. नवे बोल्ट बसवताना दांड्यावर तांब्याचं ग्रीस लावा. आटे आणि कॅमची बैठक कोरडी ठेवा. पुढच्या वेळी हाताने फिरतील.

बुश कुठले, यावर इथे भांडणं होतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही असेल तर माझं मत कडक रबराचं. पॉलियुरेथेनला ग्रीस लागतं, ते सुकलं की कुरकुरतं आणि आर्म अडकल्यासारखा हलतो. आणखी एक. रबराचे बुश असतील तर गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर, बोल्ट शेवटचे आवळायचे. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.


तीनशे_अठ्ठावीस

माझी गाडी वेगळी आहे, बीएमडब्ल्यूची ई३६ पिढीतली ३२८आय, पण वाट हीच. या गाडीवर पहिला खर्च पाण्याच्या यंत्रणेवर करावा लागतो. पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा, थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेचं) घर प्लॅस्टिकचं, रेडिएटरची मान प्लॅस्टिकची. सगळं वयाने ठिसूळ होतं. मग ऑइल पंपाचं नट, जे जास्त आरपीएमवर सैल होऊ शकतं, म्हणून लोक ते तारेने बांधून ठेवतात. आणि मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बैठकीचा पत्रा, जिथे चांगल्या टायरमुळे चिरा पडतात. यातली एकही गोष्ट गाडीला वेगवान करत नाही. पण या केल्याशिवाय तिसऱ्या फेरीपुढे जायची माझी छाती झाली नसती.

पोर्श ९४४वाले मित्र सांगतात, त्यांच्याकडे टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि लांब वळणात ऑइल कमी पडून दुसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग जातं. प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारची अशी तीन-चार मर्मस्थानं असतात, आणि ती त्या त्या गाडीच्या लोकांना पाठ असतात. एक्झॉस्टचा आवाज कुठला चांगला हे विचारण्याआधी ती यादी विचारून घ्यावी.

एमएक्स-५च्या रेडिएटरचं काय?


चौथा_गिअर

मूळ रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग हेच त्याचं आयुष्य. नवी असताना काळी, मग हिरवट तपकिरी, मग चीर. माझी तपकिरी झाली आहे, त्यामुळे बदलणार. पण त्याआधी खालचं प्लॅस्टिकचं आवरण शोधतोय. आधीच्या कुणीतरी ते काढून टाकलं आहे. ते नसलं की हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निसटते, आणि मग कितीही जाड रेडिएटर बसवला तरी काटा वरच. दोन्ही बाजूंच्या फटीही फोमने बंद करणार.

दुसरी गोष्ट या इंजिनाच्या जन्माची. हे घराणं आधी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदा ३२३मध्ये आडवं बसायचं. तिथे पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५मध्ये इंजिन उभं बसवलं आणि थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच बाजूला आणला. पाणी पुढून शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं. मागचं चौथं सिलिंडर त्यामुळे बाकीच्यांपेक्षा गरम राहतं. ट्रॅकवाले थर्मोस्टॅट परत मागे नेतात. मूळ ताकदीवर याची घाई नाही असं माझं मत. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) लावायचा असेल तर मात्र आधी तेच.


टर्बो_हवाच

मी उलट बाजूने बोलतो. ११५ हॉर्सपॉवर, तीही तीस वर्षांपूर्वीची. सरळ पट्ट्यात कुणीही मागून येऊन पुढे जाईल. छोटा टर्बो, सौम्य बूस्ट (हवेचा जादा दाब), आणि गाडी रस्त्यावरही मजा देईल. तुम्ही सगळे ताकदीला एवढे का घाबरता?


बारा_नंबर_पाना

घाबरत नाही, हिशोब करतो. तुमच्या "छोट्या टर्बो"च्या मागे काय काय येतं ते बघा. १.६मध्ये हवा मोजायला झडपवालं मीटर आहे, ते अडखळतं, म्हणजे वेगळा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आला. १.६च्या डिफरन्शियलचं रिंग गिअर (आतलं मोठं दातेरी चक्र) सहा इंची, याच पिढीतल्या नंतरच्या १.८ लिटरवालीचं सात इंची. सहा इंचीवर टर्बोचा टॉर्क आणि चिकट टायर एकत्र आले की दाते जातात. म्हणजे १.८चं डिफरन्शियल आणि त्याच्या सोबतचे अॅक्सल. मग क्लच. मग मोठा रेडिएटर, ऑइल कूलर, पाण्याचा मार्ग बदलणं. आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढला म्हणून ब्रेक. वेग दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते, हे विसरू नका.

हे सगळं केलेल्या उत्तम गाड्या मी बघितल्या आहेत. पण त्यांच्या मालकांनी आधी दोन-तीन हंगाम मूळ ताकदीवर काढले होते. कुठे उशिरा ब्रेक मारता येतो, कुठे पाय उचलायची गरजच नाही, हे त्यांना कळलं होतं.


टर्बो_हवाच

दात्यांचं माहीत नव्हतं. तरी सरळ पट्ट्यावर मागे पडायला नको वाटतं. बरं, ब्रेकवर काय करताय?


चौथा_गिअर

टप्प्याटप्प्याने. मूळ १.६च्या डिस्क पुढे २३५ मि.मी., मागे २३१. १.८च्या २५५ आणि २५१. कॅलिपरचे ब्रॅकेट आणि डिस्क १.८चे घेतले की काम होतं, आणि मूळ १४ इंची चाकंही वर बसतात. पण ते नंतर. आधी ब्रेक ऑइल, नळ्या, पॅड आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना.

परवा पुढचं डावं चाक काढलं. आतला पॅड अर्धा उरलेला, बाहेरचा जवळपास नवा. म्हणजे कॅलिपर पिनांवर सरकतच नव्हता, सगळा भार एका पॅडवर. पिन ओढून काढली तर ग्रीसचं मेण झालेलं. अशा ब्रेकवर महागडे पॅड लावून काय उपयोग? पिना घासून साफ केल्या, नवं सिलिकोन ग्रीस, नवे रबरी बूट. आता बोटाने ढकललं की कॅलिपर सरकतो.


बारा_नंबर_पाना

शाब्बास. आता ब्रेक ऑइल. बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ लिहिलेलं असतं. डॉट ४चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओला १५५. डॉट ३चा २०५ आणि १४०. डॉट ५.१चा २६० आणि १८०. "ओला" म्हणजे हवेतला ओलावा शोषून घेतल्यानंतरचा. हे ऑइल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे दोन वर्षं गाडीत पडून असलेलं डॉट ४ ट्रॅकवर नेणं म्हणजे मुद्दाम संकट ओढवून घेणं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. नुसता डॉट ५ मात्र सिलिकोनचा असतो, तो यात कधीही मिसळायचा नाही.

शर्यतीसाठीच्या ऑइलचा कोरडा बिंदू ३०० अंशांच्या वर असतो, पण ते लवकर बदलावं लागतं. वर्षातून काही ट्रॅक डे असतील तर चांगलं डॉट ४ घ्या आणि हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण बदला. दिवसातून एकदा तरी पेडल तपासा. मऊ लागलं तर हवा काढा.

रबरी नळ्या आतून फुगतात, बाहेरून काही दिसत नाही. त्या बदलायच्याच. रबरी घाला किंवा स्टीलच्या जाळीच्या, नव्या असणं महत्त्वाचं.


मोकळा_रस्ता

मी ट्रॅकवर जात नाही, पण जुनी गाडी रोज चालवते म्हणून विचारते. ट्रॅकचे पॅड रस्त्यावर चालतात का? एका ओळखीच्यांच्या गाडीत बसले होते. पहिल्या सिग्नलला त्यांनी ब्रेक मारला आणि गाडी थांबायलाच तयार नव्हती.


रबर_आणि_डांबर

ताई, तुम्ही जे बघितलं तोच खरा धोका. निव्वळ ट्रॅकचे पॅड गार असताना नीट पकडतच नाहीत. त्यांना आधी तापावं लागतं, आणि रस्त्यावर ते तापत नाहीत. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्क खातात. उलट रस्त्याचे साधे पॅड ट्रॅकवर तापून पकड सोडतात. मधले पॅड मिळतात, गार असताना पकडणारे आणि बऱ्यापैकी ताप सोसणारे. हलक्या गाडीला, मूळ ताकदीवर, ते पुरतात.

मी स्वतः दोन जोड ठेवतो. ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलायचे, निघताना परत रस्त्याचे. हात बसला की पुढची दोन्ही चाकं अर्ध्या तासात होतात. प्रत्येक जोडाचा डिस्कवर बसलेला थर वेगळा असतो, त्यामुळे बदलल्यावर थोडे हलके-जड ब्रेक मारून पॅड बसवून घ्यायचे. सेशन (ट्रॅकवर पळायची एक पाळी) संपताना शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारायची, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा.


मोकळा_रस्ता

धन्यवाद. तर मग रस्त्यासाठी मूळच्यासारखे पॅड आणि ताजं ऑइल, एवढंच करते.


रबर_आणि_डांबर

तुमच्यासाठी तेच योग्य.

धागाकर्ते, टायरवर बोलू का? हा माझा आवडता विषय. मूळ माप १८५/६०आर१४. बहुतेक लोक १९५/५०आर१५ वर जातात, आणि व्यासात फक्त दीडेक मि.मी.चा फरक पडतो, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जिथल्या तिथे राहतं. १५ इंचीत पर्यायही जास्त. चाक घेताना वजन बघा, दिसणं नंतर.

पहिल्या हंगामाला चांगले रस्त्याचे टायर घ्या. २०० ट्रेडवेअरवाले (बाजूवर झिजेचा अंक २०० असलेले) चिकट टायर मोहात पाडतात, पण ते पकड सुटायच्या आधी फार कमी बोलतात. साधा टायर लवकर घसरतो, हळूहळू घसरतो आणि आवाज करून सांगतो. शिकायला तोच बरा. शिवाय चिकट टायर घातला की भार टायरच्या पलीकडच्या भागांवर सरकतो. या गाडीत तो व्हील बेअरिंगवर जातो, आणि लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला चढतं. ऑइल नेहमी वरच्या खुणेपर्यंत ठेवा. तुमच्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे. १९९५पासूनच्या गाड्यांत तो नुसता चालू-बंद सांगतो. वळणात त्यावर एक नजर असू द्या.

जुन्या गाडीसोबत जुने टायर येतात. बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचं रबर ट्रॅकवर न्यायचं नाही.

अलाइनमेंट: पुढे अडीच अंशांपर्यंत निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला), मागे त्याहून थोडा कमी. टो (वरून बघितल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) पुढे शून्य, मागे किंचित आत. कॅम्बरने रस्त्यावर टायर तेवढा झिजत नाही, टो चुकला की झिजतो. दिवसाच्या शेवटी टायरवरून तळहात फिरवा. बाहेरची कड गोल झालेली, पिसासारखी खरखरीत लागली तर कॅम्बर कमी पडतोय. आतली झिजत असेल तर जास्त झालाय.


तीनशे_अठ्ठावीस

+१. सस्पेन्शनवर एक भर घालतो. सगळे गाडी खाली आणायच्या मागे असतात. एमएक्स-५ला चाक वर-खाली व्हायची चाल मुळातच कमी. फार खाली आणली की गाडी स्प्रिंगवर न बसता बंप स्टॉपवर (शॉक तळाला आपटू नये म्हणून असलेल्या रबरी अडसरावर) बसते, आणि मग कितीही भारी शॉक असला तरी वळणाच्या मध्यात खड्डा आला की चाक उडतं.

शॉकच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधा आणि खाली सरकवून ठेवा. एक सेशन मारून या. टाय वर जिथे जाऊन थांबली असेल तिथपर्यंत शॉक दबला. ती बंप स्टॉपमध्ये रुतलेली सापडली तर गाडी वर उचला किंवा स्प्रिंग कडक करा. तयार किटमध्ये पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मि.मी. अशा स्प्रिंग नेहमी मिळतात. रस्त्यासाठी त्या कडक आहेत. घरापासून ट्रॅकपर्यंतचा रस्ता खराब असेल तर याहून मऊ घ्या.


सीट_बेल्ट

आतापर्यंत सुरक्षिततेवर एक ओळ सोडली तर काही नाही. टप उघडणारी गाडी आहे. रोल बार आणि हार्नेस (शर्यतीतला अनेक पट्ट्यांचा बेल्ट) पहिल्याच दिवशी हवेत, आणि एकदा बसवले की रस्त्यावरही वापरायचे. चार पट्ट्यांचा हार्नेस मूळ बेल्टपेक्षा कधीही जास्त सुरक्षित.


बारा_नंबर_पाना

पहिल्या अर्ध्याशी पूर्ण सहमत. दुसऱ्याशी अजिबात नाही, आणि हे वाचून कुणी तसं करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रॅकवर रोल बार हवाच. बारच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरायची. हेल्मेट घालून बसलेल्या माणसाचं डोकं तिच्या खाली साधारण पाच सेंटिमीटर असलं पाहिजे. उंच माणसांना यासाठी सीट खाली घ्यावी लागते, फोम कापावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे मोजल्याशिवाय उघड्या टपाची गाडी आत सोडतच नाहीत.

पण तोच बार रस्त्यावर तुमच्या उघड्या डोक्याच्या मागे काही सेंटिमीटरवर असतो. मागून कुणी ठोकलं की सीट मागे झुकते आणि डोकं पोलादी नळीवर आपटतं. म्हणून बारवर एसएफआय ४५.१ या शर्यतीच्या सुरक्षा मानकाचं कडक पॅडिंग लावायचं. नळाच्या पाइपाचा मऊ फोम तिथे कामाचा नाही. सीट आणि बारमधलं अंतर बघायचं. डोकं मागे टेकवल्यावर बारला लागत असेल तर त्या सीटने रस्त्यावर जायचं नाही.

आता हार्नेस. साध्या सीटवर चार पट्ट्यांचा हार्नेस लावला की धडकेत कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. म्हणून मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्या लागतात, म्हणजे सहा बिंदूंचा हार्नेस, म्हणजे खाली भोक असलेली सीट. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जाऊन बारला बांधलेले हवेत. आणि धड असं जखडलं की सगळा झटका मानेवर येतो, म्हणून मान धरणारं उपकरण आणि त्याला जोडणारं हेल्मेट. रोल बार नसलेल्या उघड्या गाडीत हार्नेस तर कधीच नाही. गाडी उलटली तर माणसाला खाली वाकताही येत नाही.

मूळ तीन बिंदूंचा बेल्ट, मूळ सीट आणि नीट बसवलेला बार ही जोडी सुरुवातीला सगळ्यात समतोल. ट्रॅकला हेल्मेट स्नेल या मानकाच्या एसए दर्जाचं, म्हणजे मोटरशर्यतीसाठीचं घ्या. मोटरसायकलच्या एम दर्जात आगीची चाचणी नसते.


सीट_बेल्ट

मानेचा मुद्दा मी धरला नव्हता. मग धागाकर्त्यांनी पहिल्या वर्षी मूळ बेल्ट आणि बार, एवढंच करावं. हार्नेस घ्यायचा तर सीटसकट सगळा संच एकदम.


चौथा_गिअर

ठरलं तर. बोल्ट कापून बुश नवे. टायमिंग बेल्ट, पंप, रेडिएटर आणि खालचं आवरण. ब्रेकच्या नळ्या, ताजं डॉट ४, मधले पॅड. पॅडिंगसकट बार, मूळ सीटचा थोडा फोम कमी करून. साधे नवे टायर आणि अलाइनमेंट. शॉक मूळ मापाचेच, पण नवे. १.८च्या डिस्क आणि स्प्रिंग पुढच्या वर्षी, झिप टाय काय सांगते ते बघून. विम्याचंही विचारून घेतो, कारण साध्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा बसत नाही.

दोन शंका उरल्या. टायरमध्ये हवा किती? आणि आवाजाची चाचणी कशी घेतात?


रबर_आणि_डांबर

हवेचा आकडा गरम टायरचा धरायचा. सेशनमध्ये दाब चार ते सहा पीएसआय वाढतो. म्हणून मूळ (कंपनीने सांगितलेल्या) आकड्यापेक्षा थोडी कमी हवा घेऊन सुरू करा, पिटमध्ये आल्या आल्या चारही मोजा, डावे-उजवे वेगळे असतील तर गरम असतानाच सारखे करा. प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा. आणि संध्याकाळी टायर गार झाले की दाब मूळ आकड्याच्या पुष्कळ खाली आलेला असतो. घरी निघण्याआधी हवा परत भरायची. पंप सोबत ठेवा.


तीनशे_अठ्ठावीस

आवाज: गाडी उभी ठेवून, एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात मीटर धरतात आणि कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर इंजिन ठेवायला सांगतात. तुमच्या इंजिनाला ते साधारण पाच हजार. मर्यादा प्रत्येक ट्रॅकची वेगळी, नाव नोंदवतानाच विचारा. मूळ सायलेन्सर शाबूत असेल तर अडचण येत नाही. फक्त जोडावरचं गॅस्केट फुटलेलं नाही ना ते आधी बघून घ्या. थंड इंजिन सुरू करून जोडाजवळ हात धरा, फुटलेलं असेल तर हाताला फुंकर लागेल.